लिनक्सवर बसून टॅली, श्रीलिपी झटक्यात उघडा: व्हर्च्युअल मशीनमधले प्रोग्रॅम कीबोर्ड लाँचरला कसे जोडायचे

लिनक्स टाकलं, सगळं मस्त चाललंय, पण एक-दोन प्रोग्रॅम असे असतातच की विंडोजशिवाय हलत नाहीत. आपल्याकडे बहुतेक वेळा ते टॅली असतं, नाहीतर श्रीलिपी किंवा आयएसएम (मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर), नाहीतर डिजिटल सहीच्या टोकनसोबत आलेलं कुठलंतरी सॉफ्टवेअर. मग लोक व्हर्च्युअलबॉक्स टाकतात (लिनक्सच्या आत एक नकली कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्रॅम), आत विंडोज बसवतात, आणि थोड्याच दिवसांत वैतागून परत ड्युअल बूटवर (कॉम्प्युटर सुरू करताना लिनक्स की विंडोज ते निवडणं) जातात, कारण एक साधं व्हाउचर बघायचं म्हटलं तरी आधी व्हर्च्युअलबॉक्स उघडा, यादीतून मशीन निवडा, स्टार्ट दाबा, विंडोज वर येईपर्यंत बसून राहा, पासवर्ड टाका, मग आतल्या डेस्कटॉपवर आयकॉन शोधा, तोवर समोरचा माणूस फोनवर "सापडलं का?" विचारत असतो.

माझं मत विचाराल तर यात व्हर्च्युअल मशीनचा दोष फारसा नाही. निम्मा वेळ जातो विंडोज रोज बंद-चालू करण्यात आणि निम्मा माउसने शोधाशोध करण्यात. दोन्ही टाळता येतं. आपल्याला पोचायचंय ते इथे: सुपर की दाबली (विंडोजचा लोगो असलेली), "टॅ" टाइप केलं, एंटर मारला, टॅली समोर. नाव टाइप करून प्रोग्रॅम उघडायची ही जी सोय, तिलाच मी लाँचर म्हणतोय.

मी उबुंटू आणि व्हर्च्युअलबॉक्स ७ धरून लिहितोय, मिंटवरही जवळपास सगळं तसंच आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी कीबोर्डने स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे मी सांगेन. डॅश, अवतरणचिन्हं, स्लॅश जसे दिसतात तसेच.

१. आधी हे जमवून ठेवा

- रॅम निदान ८ जीबी, खरं म्हणजे १६. विंडोज ११ ला स्वतःलाच किमान ४ जीबी लागते आणि ती तुमच्या लिनक्सच्या वाट्यातूनच जाते.
- एसएसडी. हार्ड डिस्कवर ही सगळी युक्ती चालते पण "झटक्यात" हा शब्द विसरा.
- बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असलं पाहिजे. इंटेलवर त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर बहुतेक वेळा एसव्हीएम या नावाने सापडतं.
- विंडोजची आयएसओ फाइल आणि विंडोजचं लायसन्स. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स व्हर्च्युअल मशीनला आपोआप लागू होतं असं धरून चालू नका.
- आतल्या विंडोजचं युजरनेम आणि पासवर्ड, कागदावर लिहून.
- जे प्रोग्रॅम उघडायचेत त्यांचा पूर्ण पत्ता. विंडोजमध्ये त्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे टार्गेटच्या चौकटीत जे लिहिलंय ते कॉपी करा. अंदाजाने लिहू नका.

आणि एक, हे सगळं करण्याआधी तुमचा प्रोग्रॅम वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम थेट लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो का ते बघून घ्या. चालत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, सुखी आहात.

२. विंडोज बसवतानाच दोन गोष्टी नीट करा

व्हर्च्युअलबॉक्स उबुंटूच्या मल्टिव्हर्स भांडारात आहे, सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स म्हटलं की येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नवीन बसवताय तर ११ च बसवा. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० पासून नकली टीपीएम मिळतं, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही अडत नाही.

मशीनला नाव देताना छोटं, इंग्रजीत आणि स्पेस नसलेलं द्या. मी इथे "विन" धरतो. "माझं ऑफिसचं विंडोज नवीन" असं नाव दिलंत तर पुढे प्रत्येक कमांडमध्ये अवतरणचिन्हं सांभाळत बसाल.

दुसरी गोष्ट युजरची. व्हर्च्युअलबॉक्स ७ आयएसओ दिल्यावर विंडोज आपलं आपणच बसवायला बघतं, आणि त्या विझार्डमध्ये काही बदललं नाही तर युजरनेम व्हीबॉक्सयुजर आणि पासवर्ड चेंजमी असा राहतो. बरेच जण नेक्स्ट नेक्स्ट करत जातात आणि नंतर पासवर्ड काय होता म्हणून डोकं खाजवतात. तिथेच स्वतःचं नाव-पासवर्ड टाका, लोकल अकाउंट, स्मॉल अक्षरं, स्पेस नाही. मी "ऑफिस" धरतो. पासवर्ड रिकामा ठेवायचा मोह होतो, घरचंच तर मशीन आहे म्हणून, पण ठेवू नका. बाहेरून प्रोग्रॅम सुरू करायला पासवर्ड लागतोच, विंडोज रिकाम्या पासवर्डवाल्या युजरला तसं आत घेत नाही.

३. गेस्ट अ‍ॅडिशन्स

हे म्हणजे आतल्या विंडोजमध्ये टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर. ते टाकल्याशिवाय सहाव्या पायरीपासूनचं, म्हणजे आतले प्रोग्रॅम बाहेरून उघडणं, होणार नाही. विंडोज चालू असताना वरच्या डिव्हाइसेस मेन्यूत जाऊन गेस्ट अ‍ॅडिशन्सची सीडी आत घाला, आतल्या विंडोजमध्ये ती सीडी उघडून इन्स्टॉलर चालवा, रीस्टार्ट. झालं. त्याच मेन्यूत शेअर्ड क्लिपबोर्ड आहे, तो दोन्ही बाजूंनी चालू करून टाका, इकडचा युनिकोड मराठी मजकूर तिकडे पेस्ट होतो. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर मात्र इकडे आणलात तर अगम्य चिन्हं दिसतील, ते क्लिपबोर्डचं नाही, त्या फाँटच्या एन्कोडिंगचं दुखणं आहे.

४. सगळ्यात सोपी पायरी: मशीनच लाँचरमध्ये आणा

याला एकही कमांड लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मशीनवर राइट क्लिक करा, "डेस्कटॉपवर शॉर्टकट तयार करा" अशा अर्थाचा पर्याय आहे तो निवडा. डेस्कटॉपवर एक फाइल येईल. ती फाइल उचलून तुमच्या होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये टाका. सुरुवातीला टिंब असल्यामुळे हे फोल्डर लपलेलं असतं, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं. अ‍ॅप्लिकेशन्स नावाचं फोल्डर नसेलच तर तयार करा.

आता सुपर की दाबून मशीनचं नाव टाइप करा. यादीत आलं? एंटर मारा, मशीन थेट उघडतं, व्हर्च्युअलबॉक्सची मुख्य खिडकी मध्ये येतच नाही. ही फाइल मशीनला नावाने नाही तर त्याच्या आतल्या ओळखक्रमांकाने बोलावते, म्हणून उद्या मशीनचं नाव बदललंत तरी ती चालत राहते.

लाँचर कुठला वापरता याने काही फरक पडत नाही हे मला या सगळ्यात फार आवडतं. ग्नोममध्ये सुपर की, मिंटच्या मेन्यूतही सुपर की, केडीईमध्ये ऑल्ट-स्पेस दाबून येणारा केरनर, एक्सएफसीईमध्ये ऑल्ट-एफ३, कोणी युलाँचर टाकलं असेल तर कंट्रोल-स्पेस, कोणी रोफी वापरत असेल तर त्याचा डीरन मोड, सगळे त्याच एका फोल्डरमधल्या त्याच फाइली वाचतात. एकदा फाइल लिहिली की लाँचर बदलला तरी काम वाया जात नाही.

५. विंडोज बंद करू नका, झोपवा

वेग खरा इथे मिळतो, लाँचर हा नंतरचा भाग. मशीनची खिडकी बंद करताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं काय करू, त्यात "मशीनची स्थिती सेव्ह करा" असा पर्याय आहे. तो निवडा. मशीनची त्या क्षणाची सगळी रॅम एका फाइलमध्ये लिहिली जाते आणि पुढच्या वेळी मशीन तिथूनच उठतं, बूट नाही, लॉगिन नाही, जे उघडं होतं ते उघडंच. एसएसडीवर हा फरक पहिल्याच वेळी कळतो.

आता नीट ऐका, कारण इथे बऱ्याच लोकांचं काम संपतं. तुम्हाला आत एकच प्रोग्रॅम वापरायचा असेल, म्हणजे फक्त टॅली, तर सहाव्या ते आठव्या पायरीची गरजच नाही. टॅली उघडा, कंपनी बंद करून ठेवा, अर्धवट व्हाउचर ठेवू नका, आणि मशीन झोपवा. चौथ्या पायरीतली फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्यातल्या नेम= या ओळीत "टॅली" लिहा. लाँचरमध्ये टॅली टाइप करा, मशीन उठतं, टॅली समोर असतं. कोणाला कळणारही नाही की मध्ये एक अख्खं विंडोज आहे. तुम्ही यातले असाल तर थेट नवव्या पायरीवर जा.

या झोपवण्याच्या तीन अटी मात्र पाळा:

आतल्या विंडोजची स्क्रीन लॉक आणि स्लीप दोन्ही बंद करा, नाहीतर मशीन उठल्यावर लॉक स्क्रीनच दिसेल आणि पासवर्डचं रामायण परत. लॅपटॉपला स्वतःचा लॉक आहेच, आतल्याची गरज नाही.

व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करायच्या आधी आतलं विंडोज नीट शटडाउन करा, झोपवलेलं ठेवू नका. जुन्या आवृत्तीत झोपलेलं मशीन नव्या आवृत्तीत उठेलच याची खात्री नसते.

आणि झोपवणं म्हणजे बॅकअप नव्हे. टॅलीचा डेटा बॅकअप वेगळा घ्या, मशीनच्या बाहेर, जसा आधी घेत होतात तसाच.

बंद करतानाच्या त्या यादीत "पॉवर ऑफ" पण असतं, ते भिंतीतली पिन उपसण्यासारखं आहे. चालू टॅलीवर ते दाबलंत तर डेटा फाइल खराब होऊ शकते.

६. आतला प्रोग्रॅम बाहेरून सुरू होतो का ते तपासा

ज्यांना आत दोन-तीन प्रोग्रॅम लागतात त्यांच्यासाठी आता पुढे. व्हर्च्युअलबॉक्ससोबत व्हीबॉक्समॅनेज नावाची कमांड येते (लिनक्सवर ती सगळी स्मॉल अक्षरांत पण चालते). तिला गेस्टकंट्रोल म्हणून उपकमांड आहे, ती बाहेरून आतल्या विंडोजला सांगते की हा प्रोग्रॅम चालव.

आधी पासवर्डची फाइल करा. होम फोल्डरमध्ये .विनपास नावाची फाइल, त्यात फक्त पासवर्ड, एका ओळीत. मग टर्मिनलमध्ये

सीएचमॉड ६०० ~/.विनपास

म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल. कमांडमध्ये थेट पासवर्ड लिहायची पण सोय आहे पण ती वापरू नका, चालू प्रोसेसची यादी काढणाऱ्या कोणालाही तो दिसतो.

मशीन चालू करा, आत ऑफिस या युजरने लॉगिन झालेलं असू द्या, आणि बाहेर टर्मिनलमध्ये हे एका ओळीत टाका:

व्हीबॉक्समॅनेज गेस्टकंट्रोल विन स्टार्ट --युजरनेम ऑफिस --पासवर्डफाइल ~/.विनपास --इएक्सइ 'सी:\विंडोज\सिस्टम३२\नोटपॅड.इएक्सइ'

आत नोटपॅड उघडलं की अर्धी लढाई जिंकलात. स्टार्टऐवजी रन पण आहे, पण रन प्रोग्रॅम बंद होईपर्यंत तिथेच थांबून राहतं, आपल्याला सुरू करून मोकळं व्हायचंय म्हणून स्टार्ट.

उघडलं नाही तर बहुतेक वेळा गडबड युजरनेममध्ये असते. विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर दिसणारं नाव आणि खरं युजरनेम वेगळं असू शकतं. आतल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हूअ‍ॅमआय टाइप करा, उलट्या स्लॅशच्या पुढे जे येतं ते खरं नाव. दुसरी गडबड पिनची. विंडोज ११ लॉगिनला चार आकडी पिन घेतं आणि लोक तोच पासवर्ड समजतात, इथे पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. तिसरी जरा फसवी आहे: कमांड काही तक्रार करत नाही पण आत काहीच दिसत नाही. याचा अर्थ त्या युजरने आत लॉगिन केलेलं नाही, प्रोग्रॅम सुरू झालाय पण दाखवायला पडदाच नाही. म्हणून तर पाचव्या पायरीत लॉगिन केलेल्या अवस्थेतच झोपवायचं.

७. एक छोटी स्क्रिप्ट

प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी कमांड लिहिण्यापेक्षा एकच स्क्रिप्ट करू आणि तिला सांगू कुठला प्रोग्रॅम हवाय. होम फोल्डरमध्ये बिन नावाचं फोल्डर, त्यात विनउघड नावाची फाइल. होम तेवढं कॅपिटल अक्षरांत, बाकी सगळं स्मॉल:

#!/बिन/बॅश
केस "$१" इन
टॅली) इएक्सइ='इथे टॅलीचा पूर्ण पत्ता' ;;
श्री) इएक्सइ='इथे श्रीलिपीचा पूर्ण पत्ता' ;;
*) एक्झिट १ ;;
इसॅक
व्हीबॉक्समॅनेज स्टार्टव्हीएम विन --टाइप जीयूआय
फॉर एन इन १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १०; डू
व्हीबॉक्समॅनेज गेस्टकंट्रोल विन स्टार्ट --युजरनेम ऑफिस --पासवर्डफाइल "$होम/.विनपास" --इएक्सइ "$इएक्सइ" && एक्झिट ०
स्लीप ३
डन
नोटिफाय-सेंड "विंडोजमधलं $१ उघडलं नाही"

वरून खाली बघू काय चाललंय. केस ते इसॅक (केस उलटं लिहिलेलं) हा भाग टोपणनावावरून पूर्ण पत्ता काढतो. पत्ता एकेरी अवतरणातच ठेवा, दुहेरीत ठेवलात तर विंडोजचे उलटे स्लॅश कधी कधी बॅश खाऊन टाकतं. मग स्टार्टव्हीएम मशीन उठवतं. मशीन आधीच चालू असेल तर ही ओळ एरर देते की मशीन आधीच वापरात आहे, देऊ दे, स्क्रिप्ट पुढे जाते, त्यासाठी वेगळी तपासणी करत बसायची गरज नाही. पुढचा फॉरचा भाग यासाठी की मशीन उठल्या उठल्या गेस्ट अ‍ॅडिशन्स लगेच तयार नसतात, म्हणून जमेपर्यंत तीन-तीन सेकंदांनी परत विचारायचं, दहा वेळा विचारून नाही जमलं तर कोपऱ्यात नोटिफिकेशन. ही शेवटची ओळ काढू नका. लाँचरमधून चालवलेल्या गोष्टीला टर्मिनल नसतं, त्यामुळे काही बिघडलं तर नुसतं काहीच होत नाही, आणि काहीच न होणं हे शोधायला सगळ्यात अवघड असतं.

फाइलला चालवायची परवानगी द्या: सीएचमॉड +एक्स ~/बिन/विनउघड. मग टर्मिनलमधूनच एकदा ~/बिन/विनउघड टॅली चालवून बघा. इथे चाललं तरच पुढे जा, लाँचरमध्ये जाऊन मग शोधत बसू नका.

मिंटसारख्या एक्स११ वर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी यंत्रणा, नवी ती वेलँड) असाल तर डब्ल्यूएमसीटीआरएल नावाचं छोटं पॅकेज टाकून फॉरच्या आधी डब्ल्यूएमसीटीआरएल -ए विन अशी ओळ घाला, मशीनची खिडकी मागे लपली असेल तर पुढे येते. वेलँडवर याचा भरवसा नाही, तिथे ऑल्ट-टॅब.

एक लक्षात ठेवा, ही स्क्रिप्ट प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नव्याने सुरू करते. टॅली आधीच उघडं असेल तर दुसरं टॅली उघडायचा प्रयत्न होईल. म्हणून मी म्हणतो, जो प्रोग्रॅम दिवसभर लागतो तो उघडा ठेवून पाचव्या पायरीच्या पद्धतीने वापरा, आणि कधीमधी लागणारे या स्क्रिप्टने.

८. लाँचरसाठी फाइल

.लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स मध्येच नवीन फाइल, नाव विन-टॅली आणि पुढे टिंब देऊन डेस्कटॉप. आत:

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=अ‍ॅप्लिकेशन
नेम=टॅली
एक्झेक=/होम/तुमचं-युजरनेम/बिन/विनउघड टॅली
आयकॉन=/होम/तुमचं-युजरनेम/चित्र/टॅली.पीएनजी
टर्मिनल=फॉल्स
कीवर्ड्स=टॅली;हिशोब;जीएसटी;

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचा प्रत्येक शब्द पहिलं अक्षर कॅपिटल करून लिहायचा, चौकटी कंसातले डेस्कटॉप आणि एंट्री पण तसेच, आणि अ‍ॅप्लिकेशनचा ए सुद्धा कॅपिटल. फॉल्स स्मॉल. कीवर्ड्सच्या प्रत्येक शब्दानंतर अर्धविराम, शेवटच्या नंतरही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते एक्झेकच्या ओळीत. तिथे ~ चालत नाही आणि $होम पण चालत नाही, टर्मिनलमध्ये चालतं म्हणून इथेही चालेल असं वाटतं पण नाही, पूर्ण पत्ताच लिहायचा. आणि विंडोजचा पत्ता उलट्या स्लॅशसकट थेट इथे लिहायच्या भानगडीत पडू नका, या फाइलचे स्लॅशबद्दलचे नियम वेगळे आहेत आणि चार-चार स्लॅश टाकायची वेळ येते. त्यासाठीच तर टोपणनावाची स्क्रिप्ट केली.

लाँचरमध्ये दिसत नसेल तर डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही कमांड फाइलचं नाव देऊन चालवा, कुठल्या ओळीत चूक आहे ते सांगते.

श्रीलिपीसाठी हीच फाइल कॉपी करून नेम, एक्झेकमधला शेवटचा शब्द आणि कीवर्ड्स बदला. आणि अजून एक फाइल करा "विंडोज झोपव" नावाची, तिच्या एक्झेकमध्ये व्हीबॉक्समॅनेज कंट्रोलव्हीएम विन सेव्हस्टेट. संध्याकाळी लॅपटॉप बंद करायच्या आधी सुपर, "झो", एंटर. लिनक्स बंद करताना मशीन चालू राहिलं तर त्याची तीच गत होऊ शकते जी पॉवर ऑफने होते.

९. मराठी कीबोर्ड चालू असेल तर

हे कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नाही म्हणून सांगतो. तुम्ही मराठीत पत्र लिहीत होता, इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) चालू आहे, मध्येच टॅली हवं म्हणून सुपर दाबून सवयीने इंग्रजी टी-ए-एल-एल-वाय दाबलंत, तर लाँचरमध्ये "ूोततब" असं काहीतरी उमटतं आणि अर्थातच काही सापडत नाही. दरवेळी कीबोर्ड बदलायचा म्हणजे परत तीच कटकट.

यावर दोन उपाय, दोन्ही लाँचरच्या फाइलमधल्या कीवर्ड्सच्या ओळीतले (पाचव्या पायरीवरून थेट इथे आला असाल तर ती ओळ कशी लिहायची ते आठव्या पायरीत बघा आणि चौथ्या पायरीतल्या फाइलमध्ये घाला). पहिला म्हणजे देवनागरीत खरं नाव, टॅली आणि टैली दोन्ही लिहा, हिशोब लिहा, खातं लिहा, तुम्ही मनात त्याला जे म्हणता ते लिहा. फाइल युटीएफ-८ मध्ये सेव्ह झाली की देवनागरी शब्दावर शोध व्यवस्थित लागतो. दुसरा उपाय जरा गमतीचा पण भारी चालतो: तो "ूोततब" च कीवर्ड म्हणून टाकून द्या. फाइल उघडा, इनस्क्रिप्ट चालू करा, डोळे झाकून इंग्रजी नाव टाइप करा, जे येईल ते अर्धविराम देऊन ठेवा. आता कीबोर्ड कुठल्याही भाषेत असो, बोटं तीच.

डेस्कटॉपची भाषाच मराठी ठेवली असेल तर नेम[एमआर]= अशी वेगळी ओळ घालता येते, मराठीत असताना ते नाव दिसतं आणि एरवी साधं.

१०. सुपर की आतल्या विंडोजनेच पळवली तर

मशीनच्या आत काम करताना सुपर दाबलं तर लिनक्सचा लाँचर न येता आतल्या विंडोजचा स्टार्ट मेन्यू उघडतो. कारण व्हर्च्युअलबॉक्सने कीबोर्ड आपल्याकडे घेतलेला असतो. उजवा कंट्रोल एकदा दाबून सोडा, कीबोर्ड परत लिनक्सकडे येतो, मग सुपर. याला होस्ट की म्हणतात. हल्ली काही नव्या लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची की आलीय, तिथे व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटमध्ये जाऊन होस्ट की दुसरी ठेवा. तिथेच "कीबोर्ड आपोआप ताब्यात घ्या" अशा अर्थाची खूण आहे ती काढून टाकली तर बहुतेक शॉर्टकट लिनक्सकडेच राहतात. मला तसंच बरं वाटतं, टॅलीला सुपर की लागत नाही.

होस्ट की आणि एल दाबलं की सीमलेस मोड, म्हणजे आतल्या विंडोजचा डेस्कटॉप गायब आणि त्याच्या खिडक्या लिनक्सच्या खिडक्यांमध्ये मिसळलेल्या. दिसायला छान आहे, रोजच्या कामाला मी वापरत नाही, फुल स्क्रीन करून एका वेगळ्या वर्कस्पेसवर ठेवणं जास्त भरवशाचं. ज्यांना खिडकी अगदी लिनक्सचीच वाटायला हवीय त्यांनी विनअ‍ॅप्स हा प्रकल्प बघावा, तो रिमोट डेस्कटॉपच्या मार्गाने जातो, पण त्यासाठी आत विंडोज प्रो लागतं, होम चालत नाही.

११. अचानक बंद पडलं तर कुठे बघायचं

काल चालत होतं, आज लाँचरमधून काहीच उघडत नाही, असं झालं की आधी टर्मिनलमध्ये व्हीबॉक्समॅनेज स्टार्टव्हीएम विन टाका आणि एरर वाचा.

कर्नल ड्रायव्हर मिळत नाही असं म्हणत असेल तर लिनक्सचा कर्नल अपडेट झालाय आणि व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल त्याच्यासाठी तयार झालेलं नाही. त्या कर्नलचे हेडर्स टाका आणि मॉड्यूल परत बनू द्या. सिक्युअर बूट चालू असेल तर ते मॉड्यूल साइन केलेलं लागतं, उबुंटू इन्स्टॉलच्या वेळी एक पासवर्ड मागतं आणि रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर तोच परत विचारतं, ती निळी स्क्रीन घाईत पुढे ढकललीत तर मॉड्यूल कधीच लोड होत नाही.

व्हीटी-एक्स दुसरं कोणीतरी वापरतंय अशा अर्थाची एरर असेल तर ते केव्हीएम, म्हणजे लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय. लिनक्स कर्नल ६.१२ पासून केव्हीएम लोड होताच व्हर्च्युअलायझेशन आपल्या ताब्यात घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्सला जागा राहत नाही. केव्हीएम वापरत नसाल तर सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल (एएमडीवर केव्हीएम_एएमडी) करून परत बघा, चाललं तर ते मॉड्यूल कायमचं ब्लॅकलिस्टमध्ये टाका.

मशीन उठतं पण प्रोग्रॅम उघडत नाही आणि नोटिफिकेशन येतं, तर पासवर्ड. आतल्या विंडोजचा पासवर्ड कोणीतरी बदललाय आणि .विनपास मध्ये जुनाच आहे.

प्रोग्रॅम उघडतो पण डिजिटल सहीचं टोकन दिसत नाही, तर तुमचा लिनक्स युजर व्हीबॉक्सयुजर्स या ग्रुपमध्ये नाही. सुडो अ‍ॅडयुजर तुमचं-युजरनेम व्हीबॉक्सयुजर्स, मग लॉगआउट करून परत लॉगिन, नुसतं टर्मिनल बंद-चालू करून होत नाही. त्यानंतर मशीन शटडाउन असताना सेटिंग्जमध्ये यूएसबीच्या पानावर टोकन लावलेलं ठेवून त्याचं फिल्टर जोडा. जुने लेख यासाठी एक्स्टेन्शन पॅक टाकायला सांगतात, ७.० पासून यूएसबी २ आणि ३ चा आधार मूळ पॅकेजमध्येच आहे. मशीन झोपेतून उठल्यावर टोकन ओळखलं नाही तर काढून परत लावा.

आणि सगळं ठीक असून फक्त एकाच प्रोग्रॅमचं टोपणनाव चालत नसेल तर त्या प्रोग्रॅमचा नवीन व्हर्जन नवीन फोल्डरमध्ये बसलाय का ते बघा. आत जाऊन शॉर्टकटचं टार्गेट परत कॉपी करा आणि स्क्रिप्टमधली ती एक ओळ बदला.